जवसावर आलेला आळ

रंगारी सिस्टर पेशंटला "किती दिवसांपासून खोकला आहे?" असं कधीच विचारायच्या नाहीत. उपकेंद्राच्या व्हरांड्यात माणूस येऊन टेकला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय फुललं होतं तवा?" बाहेरून आलेला माणूस या प्रश्नानं गांगरून जायचा. गावातली माणसं मात्र मुळीच गांगरत नसत. एखादी बाई पदरानं नाक पुसत जरा आठवायची आणि सांगायची, "तुरीले फूल लागलं होतं बाई. तवापासून शिंका थांबूनच नाई राह्यल्या." लगेच सिस्टर उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठवड्याच्या चौकटीत लाल पेनानं एक टिंब द्यायच्या. कॅलेंडर किराणा दुकानातून फुकट मिळालेलं. त्यावर धान, तूर, संत्र्याचा बहर, जवस, हरभरा, ज्याचं फूल ज्या आठवड्यात दिसलं ते निळ्या पेनानं लिहिलेलं आणि भोवती खोकल्याची, शिंकांची, खाजेची लाल टिंबं. जुनी कॅलेंडरं त्यांनी कधी फेकली नाहीत. औषधांच्या कपाटामागे गुंडाळ्या करून उभी ठेवलेली असत.

मी त्या कॅलेंडराला हसायचो. उघड हसायचो. "सिस्टर, तुमचं पंचांग काय म्हणतं?" असं चारचौघांत विचारायचो. त्या म्हणायच्या, "पंचांग म्हनते का डॉक्टर साहेबाकडं आज गर्दी नाई." लोक हसायचे आणि मी दिवसभर मनात चरफडत राहायचो.

आता सांगूनच टाकतो. मला या बाईचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत. मी एम.बी.बी.एस. माणूस. पारशिवनीच्या बाजारात माझा दवाखाना, बाहेर पाटी, आत ईसीजीचं मशीन. दर गुरुवारी दुपारी मी कालव्याकाठच्या त्या गावात ग्रामपंचायतीला लागून असलेल्या एका खोलीत बसतो. तिथून उपकेंद्र शंभर पावलांवर. त्यामुळे दर गुरुवारी मला तेच बघावं लागायचं: उपकेंद्राच्या पायऱ्यांवर बायाबापड्या दाटीवाटीनं बसलेल्या, आणि माझ्या बाकावर दोन म्हातारे, तेही सावलीला आलेले.

एकदा त्यातल्याच एका म्हाताऱ्याला मी तपासलं. इंजेक्शन भरलं. त्यानं बाही वर केली आणि म्हणाला, "डॉक्टर साहेब, सुई लावाची म्हनता तं लावा. पन थांबा जरासाक, सिस्टरले विचारून येतो." आणि बाही तशीच वर ठेवून हा गृहस्थ चालायला लागला! मी भरलेली सिरिंज हातात धरून उभा. दहा मिनिटांनी आला आणि दंड पुढे करत म्हणाला, "सिस्टर हाव म्हनते. मारा." मी मारली. जरा जोरातच मारली असेन.

घरी तरी सुख होतं का? माझ्या बायकोला माघात संत्र्याच्या बागा फुलल्या की शिंकांचा त्रास. आमच्या घरामागे बाग आहे. मी तिला दरवर्षी गोळी द्यायचो. एका वर्षी ती मला न सांगता स्कूटी काढून उपकेंद्रात जाऊन आली. मी भडकलो. "त्यांनी काय वेगळं दिलं?" विचारलं तर म्हणाली, "गोळी तीच दिली. पण अर्धा तास बसवून सगळं विचारलं. खिडकी कोणती उघडता, कपडे कुठं वाळवता, उशीची खोळ कधी बदलता. तुम्ही मला कधी विचारलंत?" मी म्हणालो, "मी डॉक्टर आहे, धोबी नाही." ती पोळ्या लाटत म्हणाली, "तुम्ही जळून राहिले, बाकी काही नाही." ती मूळची पुण्याकडची. इतकी वर्षं झाली पण टोमणा मारायचा असला की नागपुरी बोलते.

सिस्टर दिसायला अगदीच साध्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या साडीवर बारा महिने तपकिरी स्वेटर. मूळच्या कन्हानच्या. त्यांचे आजोबा दीक्षा घ्यायला पायी नागपूरला गेले होते, हे त्या ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. आवाज एवढा खणखणीत की उपकेंद्रात कुणाला रागावल्या तर माझ्या खोलीत ऐकू यायचं. गोड बोलणं वगैरे काही नाही. तंबाखू खाणाऱ्याला हातातली पुडी हिसकून दाखवत म्हणायच्या, "आता खा मायासमोर! खाऊन दाखव!" आणि तरी लोक त्यांच्याकडेच. त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं होतं: "पेशंट खोटं बोलू शकते डॉक्टर, दम खोटं बोलत नाई." छातीचं दुखणं घेऊन कुणी आलं की हे वाक्य यायचंच.

बरं, या बाई चुकत नसत असंही नाही. चांगल्या सणसणीत चुकायच्या. एका वर्षी एका अख्ख्या गल्लीला अंगभर खाज सुटली. सिस्टरनं कॅलेंडर पाहून निकाल दिला की कापसाला फूल आहे, बायका वावरातून येतात, त्याचीच ही खाज. मी दोन पोरांची बोटं फाकवून पाहिली आणि मला साधी खरूज दिसली. मलम दिलं, आठवड्यात गल्ली बरी. ते चार दिवस मी हवेत होतो. वाटलं, आता बाईंची पत गेली. तर सिस्टर काय करतात? त्या गल्लीतल्या एकूणएक दारात उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत, दारातच. "माह्यं चुकलं वं. कापसाचा काई दोष नाई, खरूज व्हय ते. डॉक्टर साहेबानं बरोब्बर वयखलं. त्यायचा मलम पुरा लावा, मधात सोडू नका." मी बरोबर निघालो आणि नाव त्यांचं झालं. पुढच्या गुरुवारी त्या गल्लीतल्या बाया कुठं बसल्या होत्या? उपकेंद्राच्या पायरीवर. आता माणसानं करावं तरी काय?

यानंतर भोयरांच्या सुनेचं प्रकरण आलं. त्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

गजानन भोयरनं गावातलं जुनं घर सोडून वावरातच नवं घर बांधलं. खड्ड्याची जागा होती, ट्रॅक्टरनं कुठूनकुठून माती आणून भरणा केला आणि वर घर उभं केलं. घरात तो, त्याची आई पंचफुलाबाई, बायको अश्विनी आणि दोन वर्षांची मुलगी परी. अश्विनी नागपूरच्या महाल भागातली, बी.कॉम. झालेली, हळू बोलणारी मुलगी. नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. सकाळी उठली की खोकला, मग छातीत शिट्ट्या, मग श्वासच पुरेना. दुपारपर्यंत सगळं आपोआप मोकळं.

गजाननानं तिला गुरुवारी माझ्याकडे आणलं. सोबत सासू. वेळ दुपारी तीनची. मी छाती ऐकली, एकदम साफ. एक्स-रे काढायला लावला, थुंकी तपासायला पाठवली. पुढच्या गुरुवारी तिघं रिपोर्ट घेऊन आली, सगळं नीट. टीबी नाही, काही नाही. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "काही झालेलं नाही. टेन्शन आहे. शहरातली मुलगी, वावरात करमत नसेल." झोपेची हलकी गोळी लिहून दिली. सकाळी काय होतं, हे मी तिला एका शब्दानं विचारलं नाही. आणि हे टेन्शनचं वाक्य मी सासूच्या समोर बोललो. पंचफुलाबाईनं सुनेकडे अशी नजर टाकली की मला तेव्हाच कळायला हवं होतं की मी तिच्या हातात काय दिलं.

पुढच्या आठवड्यात अश्विनी उपकेंद्रात गेली. सिस्टरनं विचारलं, काय फुललं होतं तवा? तिला शेतीतलं काही माहीत नव्हतं. म्हणाली, "निळी निळी फुलं आहेत घरासमोर." सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला भोयरांच्या अंगणात हजर. घरासमोर दीड एकर जवस फुललेला. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या उन्हात गळून पडतं. सिस्टर अश्विनीजवळ बसून राहिल्या. सात वाजता फुलं उमलली, सात वाजता पोरीचा दम कोंडला. बारा वाजता पाकळ्या खाली पडल्या, बारा वाजता पोरीचा श्वास सुटला. सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, "जवसच व्हय!"

असा बिनतोड तर्क गावानं कधी ऐकला नव्हता. ज्याच्या त्याच्या तोंडी जवस. मीही क्षणभर थक्क झालो. पण मग मी घरी जाऊन जुनं पुस्तक काढलं, कारण मला काहीतरी आठवत होतं. बरोबर होतं माझं. जवसाचा पराग जड, चिकट. मधमाशीच्या पायाला लागून जायचा. वाऱ्यावर उडून माणसाच्या छातीत शिरणारा पराग वेगळा असतो, तो बहुधा अशा फुलांचा, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि दमा कशाचाही असो, पहाटे आणि सकाळी तो जास्तच असतो. म्हणजे सिस्टर चुकल्या होत्या. हे मी पुढच्या गुरुवारी शंभर पावलं चालत जाऊन सांगू शकलो असतो. ती मुलगी खरंच दम्याची पेशंट आहे, माझंच निदान चुकलं, हेही त्यातच आलं असतं. मी गेलो नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पंचफुलाबाईसाठी जवस सोडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तिच्या सासूपासून चालत आलेलं बियाणं. घरात जवसाचं तेल, जवसाची चटणी, बाळंतिणीला जवसाचा लाडू. पण सिस्टरचा शब्द! पुढच्या हंगामात तिनं त्या दीड एकरात हरभरा पेरला. पेरताना म्हणे रडली. मला सांगायला आली तेव्हा म्हणाली, "सिस्टरनं म्हनलं म्हनून केलं. दुसऱ्या कोनासाठी नसतं केलं गा." हे ती मला सांगत होती. मी औषधाचा कागद फाडून तिच्या हातात दिला आणि पुढचा पेशंट बोलावला.

दुसरा हिवाळा आला. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी मोटरसायकलवरून भोयरांच्या घरामागच्या पांदणीनं चाललो होतो. घराची मागची बाजू तिथून दिसते. अश्विनीच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि खिडकीला टेकून, कमरेएवढं, पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेलं गाजर गवत उभं होतं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भरण्याच्या मातीबरोबर बी आलं असणार. मी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. एका मिनिटात सगळं माझ्या डोक्यात लखलखीत झालं. सकाळी खिडकी उघडते, मागचं अंगण झाडते, दम लागतो. हेच ते. याच्यासाठी कॅलेंडरही नको आणि पुस्तकही नको.

त्या मिनिटात माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला आनंद झाला. वाटलं, आता सिस्टर तोंडावर पडणार. जवस काढायला लावला, म्हातारीला रडवलं, आणि पोरगी तशीच. आता बघू लोक कुणाच्या पायरीवर बसतात. मी गिअर टाकला आणि निघून गेलो.

तसंच झालं. पौष लागेपर्यंत अश्विनीचा दम आदल्या वर्षीपेक्षा वाढला. भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जायची. आणि आता पंचफुलाबाईचा तोल गेला. "माह्या जवस गेला, हिचं नाटक नाई गेलं! डॉक्टरनं पयलेच सांगतलं होतं, टेन्शन हाय म्हनून. इचं इथं मन नाई लागत, दुसरं काय?" माझंच वाक्य गावभर फिरत होतं. घरात ठरलं: संक्रांत झाली की गजानन बायकोला नागपूरला माहेरी सोडून येणार. परी मात्र इथं आजीजवळ राहणार. किती दिवसांसाठी, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. गजानन हा पाऱ्यासारखा सरकणारा माणूस, आईसमोर हूं नाही की चूं नाही.

सिस्टर भोयरांच्या दारात गेल्या. तिथं काय झालं ते गजाननानंच मला सांगितलं. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "पंचफुलाबाई, माह्यं चुकलं. जवसावर मी फुकट आळ घेतला. तुह्या बियान्याचा एक साल माह्यामुळं गेला."

"मंग हे नाटकच व्हय नं सिस्टर?"

"नाई. अंदाज माह्या चुकला. पोरीचा दम नाई चुकला. मले संक्रांतीपावतर टाइम दे."

तिथून त्या थेट माझ्या खोलीवर आल्या. गुरुवार होता. बाकावर कुणी नव्हतं. त्या पेशंटच्या स्टुलावर बसल्या. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, एरवी त्या उभ्यानंच बोलायच्या.

"डॉक्टर साहेब, माह्यी अक्कल संपली. तुमी शिकलेले मानूस. त्या पांदणीनं तुमी येनंजानं करता. जवस नाई तं मंग काय असन? तुमाले काई दिसते का?"

मी बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळत होतो. त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "नाही. मला काही दिसत नाही. टेन्शनच वाटतं मला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. एवढंच. जाताना खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.

मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाही केलेलं नाही. अश्विनीला त्यांनी उपकेंद्रामागच्या आपल्या क्वार्टरमध्ये राहायला नेलं. चौथ्या दिवशी दम निम्म्यावर. आठव्या दिवशी पोरगी हसतखेळत पाण्याचा हंडा उचलायला लागली. मग परत घरी आणून पुढच्या खोलीत झोपवलं. बरी. मागच्या खोलीत पाठवलं. सकाळी धाप सुरू. सिस्टरनं मागची खिडकी उघडली आणि तिथंच उभ्या राहिल्या. संक्रांतीला दोन दिवस राहिले होते.

अश्विनीला शेजारच्या वावरातल्या घरी पाठवून त्यांनी गजाननला फावडं आणायला पिटाळलं. पण तो येईपर्यंत बाईंना दम निघेना. स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लागल्या. नंतर पंचफुलाबाईही पदर खोचून मदतीला आली म्हणतात. संध्याकाळपर्यंत भिंत मोकळी. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं स्वतः अश्विनीला नागपूरला छातीच्या डॉक्टरकडे नेलं, दम्याचा पंप सुरू केला. संक्रांतीला अश्विनी आपल्या घरी होती. वाण द्यायला आलेल्या बायांना पंचफुलाबाई सांगत होती, "नाटक नव्हतं वं. गवत होतं."

दोन-तीन दिवसांनी सिस्टर माझ्या दवाखान्यात आल्या, पारशिवनीला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, पुरळ उठलेलं, जागोजागी पाणी धरलेलं. "काही जालीम मलम द्या डॉक्टर. झोप नाई लागून राह्यली खाजेनं."

"कशानं झालं?" मी विचारलं. मला पक्कं माहीत होतं कशानं झालं.

"गाजर गवत उपटलं."

मी त्यांच्या हातांना मलम लावत होतो. नर्स बाहेर होती, मीच लावत होतो. त्यांचे हात माझ्या हातात होते आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सिस्टर, मला माहीत होतं. मार्गशीर्षातच पाहिलं होतं मी ते गवत."

वाटलं, आता त्या ओरडतील. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडतील. त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. म्हणाल्या, "काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही चुकाव्यात असं वाटत होतं मला. सगळे तुमच्याकडेच जातात. माझा जळफळाट व्हायचा."

"मायाशी जळत होते?" त्यांना खरंच नवल वाटलं. स्वतःच्या त्या स्वेटरकडे, पुरळ आलेल्या हातांकडे पाहून त्या हसल्या. "अजी काय पन!" मग हसू गेलं. "पन हे मले कायले सांगता? दम काय माह्या कोंडला होता? जिचा कोंडला तिले सांगा. दारात जायचं अन् म्हनायचं, चुकलं. लय टाइम नाई लागत त्याले."

मी हो म्हणालो. उद्या जातो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. त्यानंतर पाऊस होता, मग मुलीचं लग्न, मग असंच काहीबाही. दर गुरुवारी मी पांदण सोडून डांबरी रस्त्यानं जायला लागलो. लांब पडायचं, तरी तिकडूनच जायचो. पुढच्या हिवाळ्यात भोयरांच्या घरासमोर पुन्हा जवस फुलला. अश्विनी त्यात उभी राहून निंदण करताना दिसते असं लोक सांगायचे. मी बघायला गेलो नाही. सिस्टर वाटेत भेटल्या की फक्त एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघत आणि पुढे जात. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान त्यांच्यात एक खोट सापडली असती.

त्या रिटायर होऊन कन्हानला मुलाकडे राहायला गेल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांचं हृदयविकारानं निधन झालं. गावातल्या विहारात शोकसभा झाली. मी समोरच्या रांगेत. मलाही बोलायला लावलं. मी सेवाभाव, कर्तव्यनिष्ठा असे चार शब्द बोलून बसलो. माझ्यानंतर अश्विनी उठली. म्हणाली, "त्या हिवाळ्यात माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की मी नाटकच करते. सिस्टर चुकल्या, पण मला खोटं म्हणाल्या नाहीत." विहारात बाया रडायला लागल्या. आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, तिथं बसून मेलेल्या बाईचा हेवा करत होतो. माझ्यासाठी असं कुणी कधी उठून बोलणार नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांदणीनं गेलो. अश्विनी ओसरीत बसून परीचं दप्तर भरत होती. परी आता सहा वर्षांची आहे. पंचफुलाबाई तिला शाळेत सोडायला घेऊन गेली. अश्विनी म्हणाली, "या ना डॉक्टर, आत या." मी म्हणालो, नको, इथंच बरं. आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं. टेन्शनचं, गवताचं, गाडी थांबवल्याचं, सिस्टरला खोटं बोलल्याचं. माझं चुकलं, म्हणालो. सिस्टर म्हणाल्या होत्या तसा वेळ फार लागला नाही.

दप्तराची चेन लावून झाली होती आणि दप्तर परी विसरून गेली होती, हे अश्विनीच्या तेव्हा लक्षात आलं असावं. ते मांडीवर घेऊन ती म्हणाली, "दोन हिवाळे, डॉक्टर. तुम्ही टीबी नाही म्हणालात, तरी खोकला बघून आईंनी परीला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. दोन्ही हिवाळे ती आजीजवळ झोपली. आता मी बरी आहे, पण तिला माझ्याजवळ झोपच येत नाही. कुशीत घेतलं तरी उठून आजीकडे जाते."

तिनं दप्तर मांडीवरून खाली ठेवलं.

"पहिला हिवाळा मी सोडून देते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं. पण दुसरा कसा सोडू?"

मी म्हणालो, "नको सोडू."